गेटवे ते मांडवा बोटीने पहिल्यांदा जाताय? तिकिटापासून परतीच्या बसपर्यंत सगळं

माझी बदली अलिबागला झाली आणि घर दादरला, नवरा-मुलगा तिकडेच, त्यामुळे दर शुक्रवारी संध्याकाळी मांडव्याहून बोट पकडायची आणि सोमवारी पहाटे गेटवेहून परत, असं जवळजवळ दोन वर्षं केलं. आता बदली परत मुंबईला झालीय पण ओळखीतलं कोणीही अलिबागला निघालं की फोन मलाच येतो. बोट कुठनं सुटते, तिकीट कितीला, आधी काढायचं का, आई सोबत आहे तर उलटी होईल का, गाडी नेता येते का. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळले म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय, लिंक पाठवली की माझं काम झालं.

सुरुवातीलाच एक सांगते. बोटीचं तिकीट बघून लोक म्हणतात अरे अडीचशे रुपयात अलिबाग, मस्त. अडीचशे रुपयात तुम्ही मांडव्याला पोचता आणि फार तर बसने अलिबाग स्टँडला. बाकीचे पैसे दोन्ही टोकांना जातात, टॅक्सीत, रिक्षात, आणि शेवटची बोट चुकली तर एका रात्रीच्या खोलीत. म्हणून मी बोटीबद्दल कमी आणि तिच्या आधी-नंतरच्या गोष्टींबद्दल जास्त बोलणारे.

१. आधी ठरवा, कुठली बोट

"मुंबई-अलिबाग बोट" असं आपण म्हणतो पण प्रत्यक्षात वेगवेगळ्या जागांहून वेगवेगळ्या बोटी आहेत आणि पहिला घोळ इथेच होतो. माझ्या एका मैत्रिणीने रो-रोचं तिकीट काढलं आणि कुटुंबाला घेऊन गेटवेला जाऊन उभी राहिली. रो-रो सुटते भाऊच्या धक्क्याहून. तिथून टॅक्सी करून पोचेपर्यंत बोट गेली.

तर असं आहे:

- गेटवे ऑफ इंडिया ते मांडवा: साध्या प्रवासी बोटी आणि कॅटमरान (जोड-सांगाड्याच्या, जरा वेगवान बोटी). पीएनपी, मालदार, अजंता या त्यातल्या जुन्या माहितीतल्या कंपन्या. गाडी नेता येत नाही. पावसाळ्यात बंद.
- भाऊचा धक्का ते मांडवा: रो-रो, म्हणजे पोटात गाड्या आणि वर माणसं घेणारं मोठं जहाज. १५ मार्च २०२० ला सुरू झाली. एका वेळी दीडशेच्या आसपास गाड्या जातात. गाडी नसली तरी नुसतं माणसाचं तिकीट मिळतं.
- भाऊचा धक्का ते रेवस: जुनी लाकडी लाँच, कोळी लोकं, भाजीवाले, कामावर जाणारी माणसं यांची. स्वस्त.
- करंजा ते रेवस: उरणच्या बाजूने छोटी खाडी पार करायची, पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे.

एलिफंटाची बोटही गेटवेहूनच सुटते, तिचा आणि मांडव्याचा काहीही संबंध नाही, तिकीट वेगळं. आणि गेटवेच्या आवारात "बोट राइड, बोट राइड" करत जे मागे लागतात ते समुद्रात एक चक्कर मारून परत तिथेच आणून सोडतात. नवख्या माणसाने घाईत तेच तिकीट घेतल्याचं मी डोळ्यांनी बघितलंय, बिचारे बॅगा घेऊन चढले होते.

पहिल्यांदा जात असाल, गाडी नसेल आणि पावसाळा नसेल तर गेटवेची बोट घ्या. खालचं बरंचसं त्याबद्दलच आहे, बाकीच्यांचं शेवटी थोडक्यात.

२. कधी जायचं

गेटवे-मांडवा सेवा साधारण मे महिन्याच्या शेवटी बंद होते आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला परत चालू. तारीख मेरीटाइम बोर्ड आणि हवामान ठरवतं, पुढेमागे होते. दरवर्षी कोणीतरी जुलैत पावसाळी पिकनिकचं बुकिंग करतं आणि मग विचारतं बोट कितीची आहे. बोट नाहीये. रो-रो मात्र हवामान ठीक असेल तर पावसाळ्यातही चालते, पण तीही ऐनवेळी रद्द होऊ शकते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हौशीने जाऊ नका, समुद्र अजून शांत झालेला नसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात छान. मार्चपासून दुपारी वारा सुटतो आणि बोट हलते, सकाळी तोच समुद्र ताटासारखा सपाट असतो. म्हणून ज्यांना बोट लागते त्यांनी सकाळची घ्यावी, हे मी सासूबाईंना दुपारच्या बोटीने आणून शिकले. त्यांनी पुढचे सहा महिने बोटीचं नाव काढू दिलं नाही.

वार बघा. शनिवारी सकाळी गेटवे आणि रविवारी संध्याकाळी मांडवा, या दोन वेळा शक्यतो टाळा. लाँग वीकेंड, २५ डिसेंबर ते १ जानेवारी, होळी, तेव्हा तर दोन-दोन बोटी सोडून द्याव्या लागतात. शुक्रवारी दुपारी जाऊन रविवारी सकाळी दहाच्या आत परत, हे जमत असेल तर अर्धी डोकेदुखी संपली.

पहिली बोट सकाळी सहाच्या पुढे सुटते, मग दिवसभर तास-दीड तासाने एखादी असतेच. पण टाइमटेबल सीझनप्रमाणे बदलतं, त्यामुळे कोणाच्या तरी दोन वर्षं जुन्या फोटोवर विसंबू नका, आदल्या दिवशी कंपनीच्या साइटवर बघा किंवा सरळ फोन करा, फोन उचलतात.

३. सोबत काय घ्यायचं

- प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र. बोटीत फारसं कोणी बघत नाही पण हॉटेलवाला मागतोच.
- तिकिटाचा मेसेज किंवा पीडीएफ फोनमध्ये सेव्ह करून, स्क्रीनशॉट काढून ठेवा, ऐनवेळी नेट रडतं.
- सुट्टे पैसे. यूपीआय सगळीकडे चालतं असं म्हणतात आणि नेमकं मांडव्याच्या रिक्षात चालत नाही.
- टोपी, गॉगल, पाणी, आणि उघड्या डेकवर बसणार असाल तर थंडीत सकाळी एक स्वेटर. मुंबईकर हसतात पण जानेवारीत सकाळी साडेसहाला वारा चांगला बोचतो.
- ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी आवळा सुपारी, आल्याची वडी, लिंबू. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि निघायच्या आधी, बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही. दोन-तीन प्लास्टिकच्या पिशव्या असू द्या, कशाला ते सांगत नाही.
- रो-रोने गाडी नेणार असाल तर लायसन आणि गाडीचे पेपर.

मोठी चाकाची सुटकेस आणू नका. जेट्टीच्या पायऱ्या ओल्या, शेवाळलेल्या असतात, बोट वरखाली होत असते आणि खलाशी हात धरून तुम्हाला आत घेतो, तेव्हा एक हात मोकळा पाहिजे. पाठीवरची सॅक बेस्ट. सामान फारच जास्त असेल तर त्याचे वेगळे पैसे लावतात.

४. गेटवेपर्यंत पोचणं

सीएसएमटी किंवा चर्चगेटला उतरा आणि काळी-पिवळी करा. किमान भाडं ३१ रुपये आहे (फेब्रुवारी २०२५ पासून), सीएसएमटीहून मीटरने पन्नासच्या आसपास होतात. मीटर टाकायला लावा, बॅगा बघून "दोनशे" म्हणणारे असतात. दक्षिण मुंबईत रिक्षा नाही हे बाहेरगावच्या लोकांनी लक्षात ठेवा, पुण्याहून येणारे माझे काका सीएसएमटीबाहेर दहा मिनिटं रिक्षा शोधत होते. बेस्टची बस आहे, पैसे वाचतात, पण वेळ हातात ठेवा. मेट्रो ३ ने येत असाल तर हुतात्मा चौकाला उतरून चालत येता येतं, सॅक असेल तर काही वाटत नाही.

स्वतःची गाडी घेऊन गेटवेला येऊन पार्क करून दोन दिवस जाऊ म्हणत असाल तर विसरा. पार्किंग मिळत नाही आणि मिळालं तर त्या पैशात अजून दोघं अलिबाग फिरून येतील.

गेटवेच्या आवारात शिरताना सिक्युरिटी चेक आहे, बॅग मशीनमधून जाते. सुट्टीच्या दिवशी त्या लायनीत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात कारण त्यात नुसते फोटो काढायला आलेले लोकही असतात. बोट साडेआठची असेल तर पावणेआठला लायनीत उभे राहा. बोट तुमच्यासाठी थांबत नाही, भरली की कधी वेळेच्या दोन मिनिटं आधीही दोर सोडतात.

५. तिकीट

कंपन्यांच्या खिडक्या गेटवेजवळच आहेत, पाट्या लावलेल्या. ऑनलाइनही मिळतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी खिडकीवर लगेच मिळतं, शनिवार-रविवारी ऑनलाइनच काढा.

दर कंपनी आणि डेकप्रमाणे बदलतात. साधारण पावणेदोनशेपासून तीनशेपर्यंत एका माणसाचं एका बाजूचं, असं धरून चाला. सगळ्यात स्वस्त म्हणजे विनाएसी साधी बोट, मग एसी केबिन, मग काही बोटींवर वरचा डेक सगळ्यात महाग. लहान मुलांचं तिकीट कमी असतं, कुठल्या वयापासून लागतं ते खिडकीवर विचारा, प्रत्येकाचं वेगळं.

आता इथले खड्डे:

पहिला, बस. गेटवेच्या या तिकिटात मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते. पण ती त्याच कंपनीची बस. एका कंपनीच्या बोटीने उतरून दुसरीच्या बसमध्ये बसलात तर खाली उतरवतात, तेही सगळ्यांसमोर. तिकीट बोटीत उतरताना फेकू नका, बसमध्ये परत दाखवावं लागतं.

दुसरा, वरचा डेक. तुम्ही खालच्या डेकचं तिकीट काढता, बोटीत चढल्यावर मुलं धावत वर जातात, तुम्हीही जाता, हवा छान, फोटो काढता आणि मग एक माणूस पावतीबुक घेऊन येतो. वरचे पैसे वेगळे. एका बोटीवर माझ्याकडून पैसे घेतले आणि पावती मागितली तर "मॅडम सगळेच देतात" असं ऐकवलं. तेव्हापासून मी चढतानाच विचारते, वर बसायचे किती, आणि पावती मिळेल ना.

तिसरा, सवलत. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट असतं म्हणून लोक इथेही आधार कार्ड पुढे करतात. या खाजगी बोटी आहेत, एसटीची सवलत इथे चालत नाही.

चौथा, रिटर्न तिकीट आधीच काढायचं का? माझं मत, वेळ पक्की असेल आणि रविवार असेल तर हो. नाहीतर नको, कारण अलिबागला माणूस रेंगाळतो आणि रिफंडच्या मागे लागणं त्या तिकिटाच्या पैशाहून महाग पडतं.

६. बोटीत

चढताना धक्काबुक्की होते, होऊ द्या. जागा सगळ्यांना मिळते. म्हाताऱ्या माणसांना खलाश्यांना आधी सांगा, ते नीट हात धरून घेतात, या बाबतीत माझा अनुभव कायम चांगला आहे. ओहोटीला बोट जेट्टीच्या बरीच खाली असते, मग एका बोटीतून दुसऱ्या बोटीत उडी मारल्यासारखं जावं लागतं, घाबरू नका पण चप्पल घट्ट पाहिजे.

लाइफ जॅकेट घाला. डिसेंबर २०२४ मध्ये एलिफंटाला जाणाऱ्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं गेली, त्यानंतर जॅकेट सक्तीचं झालं. त्याआधी मार्च २०२० मध्ये मांडव्याजवळ एक बोट बुडाली होती, ८८ प्रवासी होते, पोलिसांच्या गस्तीच्या बोटीमुळे सगळे वाचले. घाबरवायला सांगत नाहीये, मी शेकड्याने फेऱ्या केल्यात आणि काही झालेलं नाही. पण जॅकेट डोक्यावरच्या रॅकमध्ये बांधून ठेवलेलं असतं, गाठ सुटत नाही, लहान मुलाच्या मापाचं शोधावं लागतं, ते सगळं किनाऱ्याला असतानाच करा. वास येतो, हो. तरी घाला.

कुठे बसायचं? बोट लागते त्यांनी खाली, मधल्या भागात किंवा मागच्या बाजूला, तिथे सगळ्यात कमी हलतं. पुढच्या टोकाला आणि वरच्या डेकला जास्त. मोबाइलमध्ये बघत बसू नका, लांब क्षितिजाकडे बघा. डिझेलचा वास मागे जास्त येतो, त्यामुळे ज्यांना वासानेच मळमळतं त्यांनी मधलंच धरा. आणि रिकाम्या पोटी जाऊ नका, तसंच वडापाववर वडापाव खाऊनही नको.

ऊन टाळायचं असेल तर माझी ट्रिक: सकाळी जाताना उजवीकडे बसा, संध्याकाळी येतानाही उजवीकडेच. जाताना बोट दक्षिणेला तोंड करून असते म्हणून पूर्वेचा सूर्य डावीकडे, येताना तोंड उत्तरेला आणि सूर्य पश्चिमेला, म्हणजे परत डावीकडेच. दोन वर्षं मी उगाच डावीकडे बसून भाजत होते, एका रोजच्या प्रवाशाने सांगितल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

साधारण पाऊण तास ते एक तास लागतो, कॅटमरान जरा लवकर, साधी बोट जरा उशिरा. सुरुवातीला मागे वळून बघा, गेटवे आणि ताज लहान लहान होत जातात, ते दृश्य कितीही वेळा बघितलं तरी मी बघतेच. मग नौदलाची जहाजं, तिथे फोटो काढू नका म्हणतात तर काढू नका. मांडवा जवळ आलं की हवा स्वच्छ असेल तर उजव्या हाताला लांबवर खांदेरीचं बेट दिसतं, दीपगृहावरून ओळखायचं.

थंडीत कुरव पक्षी बोटीच्या मागे लागतात. लोक त्यांना कुरकुरे, शेव टाकतात, बोटीवर त्यासाठीच पाकिटं विकतात. पक्ष्यांसाठी ते वाईट आहे आणि तुमच्या डोक्यावर काय पडेल त्याची गॅरंटी नाही. नका टाकू.

७. मांडव्याला उतरल्यावर

इथे घाई करायची. उतरलं की लोक जेट्टीवर सेल्फी काढतात, आणि तेवढ्यात बस भरते. जेट्टी लांब आहे, चालत बाहेर यायला पाच-सात मिनिटं लागतात, बस बाहेरच्या बाजूला उभी असते. आधी बसमध्ये जागा पकडा, फोटो परतीच्या वेळी काढा.

मांडवा ते अलिबाग वीसेक किलोमीटर, पाऊण तास. बस वाटेत चोंढी नाक्याला थांबते, किहीमला जाणाऱ्यांनी तिथे उतरायचं. कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा.

आणि आता सगळ्यात महागात पडणारा खड्डा. बुकिंगच्या साइटवर "अलिबाग" लिहिलेलं असतं ते सगळं अलिबाग नसतं. आवास, सासवणे, किहीम ही मांडव्याच्या जवळची, अलिबाग गावाच्या आधीची. वरसोली अलिबाग गावाला लागून. आक्षी, नागाव अलिबागच्या पुढे. काशीद तर अलिबागहून आणखी तीस किलोमीटर, आणि मुरूड त्याच्याही पुढे. आवासचा बंगला घेतलेला माणूस बसने अलिबाग स्टँडपर्यंत जातो आणि मग रिक्षा करून पंधरा किलोमीटर उलटा येतो, असं मी निदान पाच जणांचं ऐकलंय. बुकिंग करतानाच मालकाला फोन करून एक प्रश्न विचारा, मांडव्याहून बसने आलो तर कुठल्या नाक्याला उतरू? आवास-सासवण्याला राहणार असाल तर मांडव्याहूनच रिक्षा करा, बस सोडून द्या. सासवण्याला करमरकरांचं शिल्पालय आहे, वाटेत असेल तर अर्धा तास काढून बघा, इतकं सुंदर आणि इतकं शांत की कोणी फारसं जातच नाही.

रिक्षांना मीटर बिटर काही नाही. सहा सीटर मिनीडोर शेअरवर चालतात, स्थानिक लोक त्यानेच जातात, अलिबाग-चोंढी, अलिबाग-नागाव वगैरे. सामान कमी असेल तर तुम्हीही जा. स्पेशल रिक्षा करायची तर भाव आधी ठरवा, जाऊन-येऊन आणि तिथे थांबण्याचे धरून, नाहीतर वेटिंगवरून वाद होतो.

अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला बघणार असाल तर भरती-ओहोटीची वेळ बघून दिवस आखा, ओहोटीला चालत जाता येतं. आमच्या ऑफिसातल्या शिपाईकाकांनी शिकवलेलं गणित: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. त्यात सहा मिळवले की ओहोटी, नऊला. पौर्णिमा-अमावास्येला भरती साधारण सव्वाअकरा-बाराच्या सुमारास आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास. थोडं मागेपुढे होतं, पण कॅलेंडर भिंतीवर असेल तर अॅप लागत नाही. किल्ल्यावरून मात्र पाणी चढायच्या आत निघा, तिथले लोक हाका मारतात तेव्हा ऐका.

८. परतीची बोट

मांडव्याहून सुटायची वेळ आणि अलिबागहून बस सुटायची वेळ, या दोन वेगळ्या वेळा आहेत. बोट साडेपाचची असेल तर अलिबागची बस साडेचारच्या सुमारास निघते. मी पहिल्याच महिन्यात पाच वाजता रुबाबात स्टँडकडे गेले, बस केव्हाच गेली होती, मग रिक्षाला चारशे रुपये देऊन मांडव्याला धावले आणि जेट्टीच्या या टोकाला असताना त्या टोकाहून बोट सुटताना बघितली. चूक माझीच होती, तिकिटाच्या मागे बसची वेळ छापलेली होती.

शेवटच्या बोटीवर कधीही प्लॅन करू नका, शेवटून दुसरी धरा. वारा वाढला किंवा एखादी बोट बंद पडली तर शेवटची रद्द होते किंवा तिच्यात दुप्पट माणसं असतात. चुकलीच तर अलिबागहून एसटीने पनवेल, तिथून लोकल. रविवारी संध्याकाळी वाटेत वडखळला ट्रॅफिक असतो, तीन तास सहज धरा, जास्तच.

येताना पांढऱ्या कांद्याच्या माळा घ्यायचा मोह सगळ्यांना होतो, अलिबागचा पांढरा कांदा, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला. घ्या, पण त्या माळा जड असतात आणि बोटीत चढताना तो मोकळा हात त्यांनीच अडतो.

९. बाकीच्या बोटी, थोडक्यात

रो-रो: ऑनलाइन बुकिंग करा. गाडीचं तिकीट वेगळं आणि आत बसलेल्या माणसांचं वेगळं, हे लोक विसरतात. गाडीच्या आकाराप्रमाणे हजार-बाराशेच्या पुढे, एका बाजूचे, आणि माणसांचे गेटवेपेक्षा जास्त. कुत्रा-मांजर नेता येतं, त्याचे वेगळे. पाऊण तास आधी पोचा, गाडी खाली लावून हँडब्रेक ओढून वर यायचं, गाडीत बसून राहता येत नाही. जहाज मोठं असल्याने हलतं कमी, सासूबाई आता यानेच येतात. भाऊच्या धक्क्याला जवळचं स्टेशन डॉकयार्ड रोड, तिथून टॅक्सी. सकाळी मासळीचा लिलाव चालू असतो, रस्ता गाड्यांनी भरलेला, वेळ धरून निघा. (हा भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, ज्यांनी इंग्रजांच्या काळात इथे पहिला धक्का बांधला. मुलांना सांगायला बरं.)

अटल सेतूवरून स्वतःची गाडी नेणं आणि रो-रो यात कुठलं स्वस्त हा प्रश्न फार येतो. सेतूचा टोल एका बाजूला २५० आणि शंभरेक किलोमीटरचं पेट्रोल. नुसते पैसे बघितले तर रस्ता स्वस्त. रो-रोत तुम्ही वडखळच्या ट्रॅफिकमधून सुटण्याचे पैसे देता. मंगळवारी जाणार असाल तर ते कशाला द्या.

रेवस लाँच आणि करंजा: पैसे सगळ्यात कमी लागतात, कष्ट जास्त. रेवसच्या बंदरात गाळ आहे, मोठ्या ओहोटीला लाँच लागत नाही, त्यामुळे वेळ पाण्यावर ठरते, धक्क्यावर विचारल्याशिवाय काही धरून चालू नका. जानेवारी २०२४ पासून नेरुळ-बेलापूरहून लोकल थेट उरणला जाते, तिथून रिक्षाने करंजा, लाँचने रेवस आणि रेवसहून अलिबागची एसटी. या एसटीत मात्र बायकांचं अर्धं तिकीट चालतं. करंजा-रेवस लाँचवर बाइकही चढवतात, दोन माणसं उचलून आत ठेवतात, बघताना तुमचा जीव वर येतो, त्यांना काही वाटत नाही.

१०. आमचा खर्च

मागच्या थंडीत आम्ही घरचे गेलो होतो, मी, नवरा, नणंद आणि सात वर्षांचा मुलगा, दोन दिवस किहीमला. राहणं-जेवण सोडून फक्त जाण्यायेण्याचा हिशोब:

- बोट, तीन मोठे, दोन्ही बाजू: १५००
- मुलाचं तिकीट, दोन्ही बाजू: २५०
- सीएसएमटी-गेटवे टॅक्सी, दोन वेळा: ११०
- मांडवा-चोंढी बस: तिकिटातच
- चोंढी-किहीम रिक्षा, दोन वेळा: २५०
- किहीमहून अलिबाग, किल्ला, परत, एक स्पेशल रिक्षा थांबण्यासकट: ११००
- जेट्टीवरचं लिंबूपाणी, भेळ, आणि वरच्या डेकचा मुलाचा हट्ट: ३००

एकूण ३५१०, त्यात बोट १७५०. जवळजवळ निम्मे. राहिलेल्या निम्म्यातला मोठा आकडा त्या स्पेशल रिक्षाचा आहे, आणि तो आम्ही मिनीडोरने गेलो असतो तर दोन-अडीचशेत आटपला असता, पण तेव्हा उन्हात उभं राहायला नणंद तयार नव्हती.